चाल कुणाची?

(भिवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावात हळदीची रात्र म्हटली की आज पहिला डीजे आठवतो. काल्हेर, कोन, पिंपळास, अंजूर, कुठल्याही गावात संध्याकाळ झाली की टेम्पोतून स्पीकरच्या भिंती उतरतात, आणि मग शेजारच्याशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. पण त्या वायरी जोडायच्या आधी, दिवसाउजेडी, त्याच मांडवात एक वेगळं गाणं होऊन गेलेलं असतं. पाटावर नवरा किंवा नवरी, समोर सुपात तांदूळ, हळद, नारळ, आंब्याची डहाळी, आणि बाजूला लुगडं नेसलेल्या दोन वयस्क बायका. एक ओळ सुरू करते, दुसरी ती अर्ध्यावर झेलते. पहिलीचा श्वास संपतो तिथे दुसरीचा लागतो, त्यामुळे गाणं मध्ये कुठे तुटत नाही. पेटी नाही, टाळ नाही, कागद नाही. आधी देवांना बोलावणं जातं, गावदेवीला जातं, मग नवरीच्या आईला, मामाला, आत्याला गाण्यात एकेक जागा मिळत जाते. ही धवलारीण, आणि ती गाते तो धवला.

धवलारीण केवळ गाणारी नसते. उंबराची फांदी आणण्यापासून तेल-हळदीपर्यंत विधी तिच्या गाण्याच्या आधाराने चालतात. भटजी ज्या समाजांत उशिरा आले, तिथे लग्न लावण्याचा मान तिचाच होता. आणि भटजी आल्यावरही पुष्कळ घरांत तिच्यावाचून मांडवाला शोभा नाही. तिच्याकडे हे गाणं आलं ते आईकडून, सासूकडून, चुलतसासूकडून. आधी झेलणारी म्हणून बसायचं, वर्षानुवर्षं दुसरीच्या मागून गायचं, आणि केस पिकायला लागले की पुढची जागा मिळते. तिशी-पस्तिशीची बाई मुख्य धवलारीण म्हणून बसलेली क्वचितच दिसेल. या व्यवसायात उतारवय म्हणजे बढती आहे.

तिच्या कामातला सगळ्यात अवघड भाग ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक घरची नावं निराळी. कुणाच्या मामाचं नाव दोन अक्षरी, कुणाचं पाच अक्षरी. कुणाची आई हयात नाही, तिथे मोठ्या काकूला पुढे आणायचं असतं. हे सगळं तिथल्या तिथे, गाता गाता बसवायचं आणि चालीचा तोल ढळू द्यायचा नाही. एखादं नाव मावत नसेल तर ती आधीचा स्वर थोडा आखूड करते, किंवा नावाचं शेवटचं अक्षर पुढच्या ओळीत ओढून नेते. संगीताच्या शाळेत याला रचना म्हणतात. पण गाणं संपल्यावर तिला विचारा, बाई, ही चाल कुणाची? उत्तर बहुधा एकच असतं. जुनीच आहे. पहिल्यापासून चालत आलेली.

या व्याख्यानाचा विषय ‘उतारवयात संगीतकार म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रिया’ असा आहे. विषय निघाला की कौतुकाचा एक ठरलेला सूर लागतो: पन्नाशीनंतर सुरुवात केली, या वयातही केवढी जिद्द! या कौतुकात एक मोठी चूक लपलेली आहे. ज्यांना आपण उशिरा सुरुवात केलेल्या म्हणतो, त्यातल्या बहुतेक जणींनी सुरुवात फार आधी केलेली असते. उशिरा येते ती सही. चालीखाली आपलं नाव लिहिण्याची, ते नाव लोकांनी मान्य करण्याची आणि त्याचे पैसे मिळण्याची वेळ उशिरा येते. मधली वीस-तीस वर्षं त्या स्त्रीने काय केलं, हे विचारल्याशिवाय तिची कारकीर्द कळत नाही.

आणि ही सही मराठीत किती जुनी आहे, हे पाहायचं तर तेराव्या शतकात जावं लागतं.

चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पुढच्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आजही संगीताचा विद्यार्थी ज्याचं नाव घेतल्याशिवाय परीक्षेला बसू शकत नाही, तो हा ग्रंथ. त्यात प्रबंधांचा अध्याय आहे आणि त्या प्रबंधांत ‘ओवी’ आहे, ‘धवल’ही आहे. धवल म्हणजे मंगलप्रसंगी आशीर्वाद देत गायचं गाणं. काल्हेरच्या मांडवातल्या गाण्याचं नाव सात-आठशे वर्षांपूर्वी संस्कृत शास्त्रग्रंथात नोंदलेलं आहे. शब्द आणि स्वर दोन्ही स्वतः रचणाऱ्याला त्याच ग्रंथात ‘वाग्गेयकार’ म्हटलं आहे, आणि उत्तम वाग्गेयकाराला काय काय यायला हवं याची लांबलचक यादी दिली आहे. व्याकरण, छंद, ताल, प्रसंग ओळखण्याची बुद्धी, दुसऱ्याच्या मनातलं जाणणं, झटपट गीत रचण्याची हातोटी. धवलारणीला यातलं व्याकरण तेवढं शाळेत शिकवलं गेलेलं नसतं.

त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भात महदंबा होऊन गेली. महानुभाव पंथातली, चक्रधरस्वामींची शिष्या, नागदेवाचार्यांच्या नात्यातली. तिला महदाइसा असंही म्हणतात. लहान वयात वैधव्य आलेलं, तारुण्य मागे पडलेलं, पंथात प्रश्न विचारणारी म्हणून ओळखली जाणारी ही बाई. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर ती ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सहवासात राहिली. गोविंदप्रभूंना लग्न मांडायची लहर आली. विधी सुरू झाले आणि लग्न म्हटलं की धवळे हवेतच. महदंबेला गायला सांगण्यात आलं. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा घेऊन धवळे रचले आणि गायले. पुढे त्याचा उत्तरार्धही केला. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज तिचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, आणि अमरावती जिल्ह्यातल्या त्याच ऋद्धिपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

पण आद्य कवयित्री म्हणताना आपण तिचं अर्धंच काम मोजतो. धवळे वाचायची वस्तू नव्हतीच. ते गायले गेले, प्रसंगासाठी, हळदीच्या अंगासमोर. महदंबा ही मराठीतली पहिली ज्ञात स्त्री-वाग्गेयकार आहे. शब्द टिकले कारण महानुभावांनी ते लिहून ठेवले; स्वर लिहून ठेवायची सोय नव्हती म्हणून ते हवेत गेले. आणि तिचं नाव टिकलं त्याचं कारणही तेच: पंथाला आपल्या माणसांची नोंद ठेवायची सवय होती. ज्या बायकांच्या आसपास नोंद ठेवणारं कुणी नव्हतं, त्यांचं सगळंच ‘पहिल्यापासून चालत आलेलं’ झालं.

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत ज्यांनी हाताळली असेल त्यांना आठवेल, प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे कुठल्या गाण्याच्या चालीवर हे पद म्हणायचं ते लिहिलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांनी चाली सगळीकडून उचलल्या. कीर्तनातून, लावणीतून, कानडी गाण्यांतून, आणि घरोघरच्या बायकांच्या गाण्यांतून. साकी, दिंडी, ओवी हे सगळं मराठी बाईच्या ओठांवर आधीच होतं. प्रेक्षकांना ते संगीत पहिल्याच रात्री आपलं वाटलं, याचं मोठं कारण तेच असावं. नाटककाराचं नाव मुखपृष्ठावर आलं, नटाचं नाव हँडबिलावर आलं. मंगळागौरीला ती चाल पहिल्यांदा लावणाऱ्या बाईला नाव नव्हतं. किर्लोस्करांना यात दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी चालीचा उगम प्रामाणिकपणे डोक्यावर छापला. पण गाण्याचं नाव छापता येतं, गाणारणीचं येत नाही, असा रिवाज तिथून पुढे पक्का झाला.

शास्त्रीय संगीतात हाच रिवाज आणखी खोल गेला. ख्यालाच्या बंदिशींचे शब्द पाहिले तर निम्म्याहून जास्त ठिकाणी बाई बोलते. सासू-नणंदेचा जाच, न आलेला प्रियकर, पैंजणांची चाहूल. पण बंदिशीत नाव येतं ते सदारंगाचं, अदारंगाचं. पुढे फैयाझ खाँचं ‘प्रेमपिया’, अमान अली खाँचं ‘अमर’, बडे गुलाम अली खाँचं ‘सबरंग’. बंदिशीत गुंफलेल्या या नावाला मुद्रा म्हणतात. गायिका आयुष्यभर स्त्रीच्या तोंडचे शब्द गात असे आणि सही मात्र पुरुषाची उच्चारत असे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गायिकेने स्वतःची बंदिश मैफलीत मांडली तर ‘ही कोणत्या घराण्याची चीज?’ हा प्रश्न तयारच असे.

या प्रश्नाला डॉ. प्रभा अत्रे यांनी जे उत्तर दिलं ते सावकाश, पन्नास-साठ वर्षांत दिलं.

त्यांची सुरुवात आईच्या अर्धवट राहिलेल्या शिकवणीपासून होते. जन्म १३ सप्टेंबर १९३२, पुणे. प्रभाताई आठ वर्षांच्या असताना आई इंदिराबाई यांची तब्येत बरी नव्हती. गाणं शिकलात तर बरं वाटेल असं कुणीतरी सुचवलं म्हणून इंदिराबाईंनी थोडे दिवस शिकवणी घेतली आणि सोडून दिली. घरात बसून ते ऐकणारी मुलगी मात्र गाण्याला लागली. असंख्य घरांत असं झालेलं आहे: आईने सोडलेलं सूत मुलीने उचललं. त्या आईंच्या गळ्यात काय होतं, हे आता कधीच कळणार नाही.

पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम, शिवाय विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी. संगीत नाटकांत भूमिका, आकाशवाणीवर नोकरी, मग १९७९ पासून एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. गायिका म्हणून नाव तरुणपणीच झालं. त्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीच्या ध्वनिमुद्रिकेवर एक अख्खी पिढी वाढली, आणि त्यातल्या बंदिशी त्यांच्या स्वतःच्या आहेत हे त्या पिढीतल्या कितीतरी रसिकांना फार उशिरा समजलं. लोक ‘प्रभाताईंचा मारुबिहाग’ म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात गायकी असे. रचनाकार प्रभा अत्रे हे दुसरं माणूस आहे हे लक्षात यायला वेळ लागला.

त्यांनी तो वेळ वाया जाऊ दिला नाही. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव, रवी भैरव, शिव-काली असे राग त्यांनी बांधले. पाचशेहून अधिक बंदिशी केल्या आणि त्या ‘स्वरांगिनी’, ‘स्वरंजनी’, ‘स्वररंगी’ अशा पुस्तकांतून स्वरलिपीसह बाहेर आणल्या. हे पुस्तक काढणं फार महत्त्वाचं आहे. गळ्यात असलेली बंदिश शिष्याच्या गळ्यात जाते, तिथून त्याच्या शिष्याच्या, आणि तिसऱ्या पिढीला ती ‘पारंपरिक’ होते. कागदावर स्वर आणि नाव एकत्र छापलं की तिला पारंपरिक व्हायला अवघड जातं. १८ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत त्यांची अकरा पुस्तकं एकाच वेळी प्रकाशित झाली, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. २०२२ साली पद्मविभूषण मिळालं. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्या गेल्या. या सगळ्या क्रमात रचनाकार म्हणून त्यांचा पसारा साठीच्या पुढे जेवढा वाढला तेवढा आधी दिसत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. मैफलींची धावपळ, नोकरीची वेळापत्रकं, प्रवास हे सगळं ओसरल्यावर माणसाला स्वतःच्या कपाटातल्या वह्या काढायला सवड होते.

त्यांच्यानंतरच्या पिढीत अश्विनी भिडे-देशपांडे यांनी हीच वाट थोडी लवकर धरली. जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट, भाभा अणुसंशोधन केंद्रातलं संशोधन आणि आई माणिक भिडे यांची जयपूर घराण्याची तालीम हे सगळं पाठीशी असताना २००४ मध्ये त्यांनी ‘रागरचनांजली’ हे स्वतःच्या बंदिशींचं पुस्तक काढलं, आणि २०१० मध्ये दुसरा भाग. तेव्हा त्या चाळिशीत होत्या. विद्यार्थी आता परीक्षेत या बंदिशी गातात आणि रचनाकार म्हणून त्यांचं नाव सांगतात. हे वाक्य साधं वाटतं, पण ते शक्य व्हायला सदारंगापासून अडीचशे वर्षं लागली.

किशोरी आमोणकर यांची गोष्ट निराळी. त्यांनी संगीतकार म्हणून केलेलं काम गायिकेच्या तेजात झाकलं गेलं. गोविंद निहलानींच्या ‘दृष्टि’ या १९९० सालच्या चित्रपटाला संगीत त्यांचं आहे. तेव्हा त्या पन्नाशीच्या उत्तरार्धात होत्या. त्याआधी त्यांनी सोयराबाईच्या अभंगाला लावलेली चाल आज महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. चोखोबांची पत्नी, मंगळवेढ्याच्या वेशीबाहेर जगलेली सोयराबाई, आणि जयपूर घराण्याची सम्राज्ञी, यांची गाठ त्या चालीत पडली. शब्द बाईचे, स्वर बाईचे, गळा बाईचा. महदंबेनंतर हे तिन्ही एकत्र येऊन घराघरांत पोचल्याचं इतकं मोठं उदाहरण मराठीत दुसरं शोधावं लागेल. आषाढीच्या सुमारास ती चाल हजार ठिकाणी गायली जाते आणि बहुतेक ठिकाणी अभंग सोयराबाईचा एवढंच सांगितलं जातं.

चित्रपटाच्या जगात तर नाव लपवणं हीच सुरुवात होती. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३५ साली ‘जवानी की हवा’ला संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी मुलीने चित्रपटात काम करावं याला समाजाचा कडाडून विरोध झाला, म्हणून हिमांशू राय यांनी तिचं नाव बदललं. १९३६ सालच्या ‘अछूत कन्या’ची गाणी देशभर गाजली, ती या बदललेल्या नावावर. लता मंगेशकरांनी भालजी पेंढारकरांसाठी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे कोण ते सभागृहाला कळलं. भारतातल्या सगळ्यात ओळखीच्या आवाजालाही चालीखाली स्वतःचं नाव लिहावंसं वाटू नये, यावर विचार करायला हवा. विनय असेल, कामाची सोय असेल. पण नाव कुणाचं तर एका ढगाचं, आणि तेही ऐकायला पुरुषाचं.

त्यांच्या बहिणीने, मीना खडीकर यांनी, स्वतःच्या नावाने ‘माणसाला पंख असतात’ आणि इतर मराठी चित्रपटांना संगीत दिलं, आणि मग बालगीतांकडे वळून जे केलं त्यावर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण गेलं आहे. त्यातली काही गाणी त्यांच्याच मुलांनी, योगेश आणि रचना यांनी, गायली. चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं ज्यांना पाठ आहे त्यांना संगीतकाराचं नाव विचारून पाहावं. हृदयनाथ, खळे, फडके अशी नावं पटापट येतील.

थोडं दूर जाऊन लंडनमधलं एक उदाहरण सांगितलं पाहिजे, कारण त्यात भिवंडीसारखंच काहीतरी आहे. मिना कील १९०९ साली पूर्व लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मली. आईवडील रशियन साम्राज्यातून पोट भरायला आलेले, घरचा धंदा हिब्रू पुस्तकं विकण्याचा. मुलगी हुशार, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचना शिकायला गेली. वडील वारल्यावर आईला धंद्यात हात हवा होता. १९२९ साली तिने शिक्षण सोडलं. मग लग्न, मूल, युद्ध, कारकुनी नोकऱ्या. साठीला निवृत्त झाल्यावर तिने मुलांना पियानो शिकवायला सुरुवात केली. १९७३ साली तिच्या एका विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायला संगीतकार जस्टिन कॉनली आले. बोलता बोलता तिच्या जुन्या रचनांचा विषय निघाला, त्यांनी त्या पाहिल्या आणि पुन्हा लिहायला लावलं. चाळीसहून अधिक वर्षं तिने एक ओळ लिहिली नव्हती. तिने त्यांच्याकडे रीतसर शिकायला सुरुवात केली आणि एक सिंफनी लिहिली. १९८९ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात, ऑलिव्हर नसेन यांच्या संचालनाखाली ती वाजली. रचनाकार ऐंशी वर्षांची होती. त्यानंतर तिने चेलोसाठी एक मोठी रचना केली आणि १९९९ मध्ये ती वारली.

यातली दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक स्वतः मिना. दुसरे ते परीक्षक. दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने घरातल्या शिक्षिकेला विचारलं, तुम्ही काही लिहिता का? हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदच्या परीक्षेला आजही चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी गृहिणी बसतात. मुलं मोठी झाली, सासू-सासऱ्यांचं दुखणं निपटलं, आता आपलं राहिलेलं पुरं करू, या हिशोबाने येतात. त्यांना राग विचारतात, ताल विचारतात, दोन रागांतला फरक विचारतात.

आणि त्या रचत असतात. भिवंडीतल्या एखाद्या महिला भजनी मंडळाची दुपारची बैठक पाहावी. गाथ्यातला अभंग ठरलेला असतो, स्पर्धा जवळ आलेली असते आणि नेहमीच्या चालीने बक्षीस मिळत नाही. मग एकजण म्हणते, मला काल भाकऱ्या करताना जरा वेगळं सुचलंय. ती गुणगुणते, पेटीवाली काळी दोन की पांढरी चार असं शोधते, कुणीतरी सांगते, हे पहाडीसारखं वाटतंय, अंतऱ्यात जरा वर जा. चार दिवसांत चाल उभी राहते. तिची नोंद असते ती मोबाइलमध्ये, मागे कुकरच्या शिटीसकट. स्पर्धेच्या पत्रकावर मंडळाचं नाव, गायिकांची नावं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे सगळं असतं. ‘संगीत’ हा रकाना नसतोच. चाल लावणाऱ्या बाईलाही तो असावा असं वाटत नाही. ‘मी काय, फक्त चाल लावली,’ असं ती म्हणते. मराठीत या कामासाठी ‘चाल लावणं’ हा इतका घरगुती शब्द आहे की ते काम करणाऱ्याला स्वतःला संगीतकार म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. पुरुषाने हेच काम स्टुडिओत केलं की त्याला संगीत दिग्दर्शन म्हणतात.

कायद्यानेही बराच काळ हा संकोच वाढवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा चिन्हांत उतरवलेली स्वररचना, अशी व्याख्या होती. जी कागदावर नाही ती कृतीच नाही. गळ्यातून गळ्यात जाणाऱ्या सगळ्या संगीताला, म्हणजे आपल्या देशातल्या बहुतेक संगीताला, ही व्याख्या बाहेर ठेवत होती. १९९४ च्या दुरुस्तीने लिहिण्याची अट गेली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनाचा वाटा असा बांधून दिला की तो करारावर सही करूनही निर्मात्याला देऊन टाकता येत नाही; वारसांना किंवा संगीतकारांच्या संस्थेलाच देता येतो. हे मानधन गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क चालतो. पन्नाशीत चाल लावणाऱ्या बाईने याकडे नातवंडांच्या नावची ठेव म्हणून पाहायला हरकत नाही. मोबाइलमधलं ते कुकरच्या शिटीसकटचं ध्वनिमुद्रण, त्यावरची तारीख, हा आज पुरावा आहे. तो पुसून टाकू नये.

मात्र या सगळ्या हक्कांना एक शब्द पार निकामी करतो, आणि तो शब्द ‘पारंपरिक’. आगरी-कोळी हळदीची गाणी आज यूट्यूबवर लाखांनी पाहिली जातात. त्यांच्या खाली नावांची यादी असते: गायक, संगीत संयोजक, ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, नृत्य, निर्माता, मेकअप, विशेष आभार. आणि जिथे धवल्याची एखादी ओळ घेतलेली असते तिथे ‘गीत : पारंपरिक, संगीत : पारंपरिक’. काही वेळा ते खरंही असतं. पण काही वेळा ती चाल शेजारच्या गावातल्या हयात धवलारणीने वीस वर्षांपूर्वी बदलून स्वतःची केलेली असते, आणि ते रेकॉर्डिंगला बसलेल्या पोरांना माहीतही असतं. पारंपरिक लिहिलं की कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणाला द्यावं लागत नाही.

भिवंडीहून उत्तरेला, डहाणू-तलासरीकडे, वारल्यांच्या लग्नातही धवलेरी असते. तिथे भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहिणाऱ्या बायका, आणि चौक लिहिला जात असताना गाणारी धवलेरीही बाईच. १९७० नंतर ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ते त्यांच्या प्रतिभेचं रास्त फळ होतं. कागदावर आल्यावर चित्राच्या कोपऱ्यात सही आली, सही आल्यावर किंमत आली. त्याच भिंतीसमोर त्याच वेळी गायलं जाणारं गाणं मात्र तिथेच राहिलं. चौक विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे की तो गाण्याशिवाय पुरा होत नाही?

भिवंडी हे सुताचं गाव. इथे मागावर कापड विणणाऱ्याचं नाव लोकांना माहीत असतं, त्याच्यासाठी कांड्या भरणाऱ्या बाईचं नसतं. पण कांडी भरल्याशिवाय धोटा रिकामा धावतो, हे मागवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चालीचंही तसंच झालेलं आहे, आणि या गावात ते बदलायला फार काही लागणार नाही. भजन स्पर्धेच्या पत्रकावर ‘चाल’ असा एक रकाना वाढवता येईल. महाविद्यालयातल्या मराठीच्या मुलांना सुट्टीत दोन-दोन धवलारणींकडे पाठवून, चाल कुठली जुनी आणि कुठली त्यांनी फिरवलेली, एवढं विचारून ध्वनिमुद्रण करता येईल. जात्यावरच्या ओव्यांचं असं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुणे परिसरापासून सुरू करून उभ्या महाराष्ट्रात केलं, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. कुठल्याही ओवीपुढे त्यांनी ‘पारंपरिक’ लिहून सुटका करून घेतली नाही.

येत्या लग्नसराईत कोनला किंवा अंजूरला हळदीचा व्हिडिओ बनेल तेव्हा खालच्या यादीत मेकअपच्या आधी एक ओळ बसू शकते. ‘धवला आणि चाल’ असं लिहून पुढे त्या बाईचं पूर्ण नाव, गावासकट. तिला विचारून घ्यावं, कारण नाव माहेरचं लावायचं की सासरचं, हे ती सांगेल.